काठी खाली, पूल पार

इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोक परगण्यात, थर्न नावाची एक संथ नदी आहे. तिच्यावर पॉटर हायम गावाशी चौदाव्या शतकातला दगडी पूल आहे. त्याच्या मधल्या कमानीखाली भरतीच्या पाण्यापासून दगडापर्यंत सात फूटसुद्धा जागा राहत नाही. शिडाच्या नौकेची डोलकाठी असते तीस फुटांच्या आसपास. तरीही उन्हाळाभर शिडाच्या नौका या पुलाखालून ये-जा करतात, आणि त्या हाकणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं मी खूप पाहिली. हे कसं जमतं ते सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. बाकीचं ओघात येईल.

आधी थोडी भूमिका. बुअर, अँट, थर्न, येअर, वेव्हनी अशा नद्या आणि त्यांना लागून असलेली उथळ तळी मिळून या प्रदेशाला ‘ब्रॉड्स’ म्हणतात. ही तळी निसर्गानं केलेली नाहीत. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी इथलं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती, खणून नेलं आणि पुढे पाण्याची पातळी चढल्यावर ते खड्डे भरून गेले. जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात तळ्यांचे सरळसोट कडे आणि सपाट तळ तपासून हे सिद्ध केलं. सुमारे २०० किलोमीटरचा जलमार्ग, वाटेत एकही लॉक नाही, आणि १९८९पासून कारभार ब्रॉड्स ऑथॉरिटीकडे. एवढं पुरे.

माझी लेक नॉरिचला राहते. निवृत्तीनंतर तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा एका रविवारी तिनं लडम गावच्या हंटर्स यार्डात नेलं. पर्सी हंटर आणि त्यांच्या मुलांनी १९३२ साली वोमॅक वॉटरच्या काठी हा कारखाना सुरू केला. तिथल्या भाड्याच्या नौका आजही लाकडीच आहेत. त्यांत इंजिन नाही, वीज नाही. १९९६पासून एक न्यास त्या सांभाळतो. त्या दिवशी सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला गेला, आणि तेव्हापासून नॉरिचची प्रत्येक फेरी मी नदीच्या हिशेबानं ठरवते.

समुद्रावर शीड उभारणारी माणसं नदीला कमी लेखतात, ते मला मुळीच पटत नाही. समुद्रावर वारा एकदा धरला की तासन्‌तास तोच. नदीत दर वळणाला वाऱ्याचा कोन बदलतो. वारा समोरून आला तर या काठाकडून त्या काठाकडे नागमोडी जावं लागतं, आणि पात्र अरुंद असेल तर मिनिटा-मिनिटाला नौका वळवावी लागते. ऐकायला दमवणारं वाटतं, पण अनेक ब्रॉड्स नौकांचं पुढचं शीड वळताना आपोआप बाजू बदलतं. हाताला काम उरतं सुकाणूचं आणि मोठ्या शिडाच्या दोरीचं. खरं काम डोळ्यांचं. पुढच्या वळणावर बोरू कुठल्या बाजूला झुकला आहे, झाडांच्या भिंतीत खिंड कुठे आहे, तिथून झोत कधी येईल, हे आधी ओळखायचं. पूर्वी काठावरचा बोरू आणि लव्हाळा छपरं शाकारायला नियमित कापला जाई, तेव्हा काठ मोकळे होते. कापणी घटली तशी तिथे अल्डरची झाडं माजली आणि बुअर-अँटच्या वरच्या भागात वारा अडू लागला. म्हणजे इथला नावाडी आजोबांच्या वेळेपेक्षा अवघड नदी हाकतो. यात मनगटापेक्षा ध्यान लागतं, आणि ते वयाबरोबर वाढतं असा माझा अनुभव आहे.

आता पूल. इथल्या नौकेची डोलकाठी तळाशी रोवलेली नसते. टॅबरनॅकल नावाच्या मजबूत चौकटीत ती आडव्या खिळीवर पेललेली असते. खिळीच्या खाली काठीचं बूड, आणि बुडाला शिशाचं वजन. घरातल्या जात्याच्या खुंट्याइतकी साधी युक्ती आहे ही. पुलाआधी काठाला नौका बांधायची, शीड उतरवून गुंडाळायचं, त्याच्या आडव्या काठ्या बाजूला घ्यायच्या. पुढच्या डेकवरची झडप उघडायची. मग नाळेकडचा ताणदोर सोडून हळूहळू ढील द्यायची. काठीचा शेंडा मागे झुकू लागतो आणि शिशाचं बूड झडपेतून वर येतं. वजनाला वजन तोललेलं असल्यामुळे अख्खी काठी दोन माणसांच्या हातांत शांतपणे आडवी होते. मग ‘क्वांट’ नावाची लांब काठी नदीच्या तळाला टेकवायची आणि रेटत कमानीखालून निघायचं. पलीकडे पुन्हा काठाला लागून सगळं उलट क्रमानं. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका सत्तरीपारच्या जोडप्याकडून. आजी दोर सोडत होत्या, आजोबा काठीचा शेंडा झेलायला मागे उभे होते, आणि सगळा वेळ दोघांचं संध्याकाळच्या जेवणाविषयी बोलणं चाललं होतं. भाड्याच्या मोटरबोटींना मात्र या पुलाखालून जायला वाटाड्या घ्यावाच लागतो.

ही युक्ती ज्यांची, ते ‘व्हेरी’वाले. व्हेरी म्हणजे या नद्यांवरचं मालवाहू गलबत : एक काठी, डांबर-तेलानं काळं झालेलं एकच अवाढव्य शीड, आणि खलाशी बहुधा दोनच. कोळसा, धान्य, विटा, सगळं त्यांनी वाहिलं. कसलेले व्हेरीवाले पुलाशी थांबत नसत. नौकेच्या अंगच्या वेगावरच काठी पाडत, कमान ओलांडत आणि पलीकडे लगेच उभी करत. १८९८ साली बांधलेली ‘आल्बियन’ अजून पाण्यावर आहे. तिच्यासाठी १९४९ साली नॉरफोक व्हेरी ट्रस्ट स्थापन झाला.

आणि ‘हाथोर’! तिच्याविषयी न लिहिता पुढे जाणं मला शक्य नाही. मोहरीवाल्या कोलमन घराण्यातल्या एथेल आणि हेलन या बहिणींनी १९०५ साली ती हौशीसाठी बांधून घेतली. त्यांचा भाऊ ॲलन १८९७ साली इजिप्तमध्ये वारला होता. नाईलवर तो ज्या नौकेतून फिरला तिचं नाव हाथोर. म्हणून नॉरफोकच्या या नौकेच्या आत लाकडावर इजिप्तची चित्रं कोरून-जडवून घेतली. बाहेरून पाहावं तर साधी व्हेरी, आत पाऊल टाकावं तर नाईल. याच एथेलबाई १९२३ साली नॉरिचच्या लॉर्ड मेयर झाल्या, ब्रिटनमधल्या पहिल्या महिला लॉर्ड मेयर, वयाच्या साठीत. भावाचं इतकं देखणं स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही.

आर्थर रॅन्समच्या ‘कूट क्लब’ (१९३४) या मुलांच्या कादंबरीतही वयस्कर मिसेस बॅरेबल ‘टीझल’ नावाची नौका भाड्यानं घेतात आणि ती हाकायला गावातली पोरं जमवतात. रॅन्सम स्वतः तेव्हा पन्नाशीचा होता. १९८४ साली बीबीसीनं त्यावर मालिका केली तेव्हा त्यातल्या ‘टीझल’चं काम हंटर्स यार्डाच्या ‘ललबाय’नं केलं. तिच्या डेकवर पाय टाकताना मला अजून आनंद होतो.

लहानपणी वाशिष्ठीच्या काठी मी म्हाताऱ्या तांडेलांकडून ऐकलं होतं की गोवळकोट बंदराला लागायचं तर भरती धरूनच निघायचं, ओहोटीशी भांडायचं नाही. ग्रेट यारमथला बुअर समुद्राजवळ पोचते तिथे हाच कायदा चालतो. पाणी थबकण्याची वेळ गाठली तर यारमथचे पूल सुखानं पार होतात. चुकली तर प्रवाह नौकेला ओढत नेतो. म्हणून नवख्यांनी यारमथपलीकडच्या दक्षिणेच्या नद्यांचा मोह पहिल्या वर्षी धरू नये. उत्तरेच्या बुअर, अँट आणि थर्न पुरेशा आहेत.

मुलं इंग्लंडात असलेल्या आणि उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या वाचकांसाठी : लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून नॉरिच रेल्वेनं साधारण दोन तास. पहिल्यांदा केबिनवाली नौका घेऊ नका. अर्धी झाकलेली, उघड्या बसायच्या जागेची छोटी नौका शिकवणाऱ्यासह घ्या. लाइफ जॅकेट कायम अंगावर, आणि शिडाखालची आडवी काठी बाजू बदलते तेव्हा डोकं खाली. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठावरून चढताना हात मागा. तिथे तो आनंदानं मिळतो. व्हीलचेअरवर असाल तरी बार्टन ब्रॉडजवळ नीटिसहेडला नॅन्सी ओल्डफील्ड ट्रस्टकडे चौकशी करा, अपंगांना पाण्यावर नेणं हेच त्यांचं काम. जूनमध्ये गेलात तर हिकलिंगच्या बाजूला पिवळं-काळं स्वॅलोटेल फुलपाखरू दिसण्याचा संभव असतो; ब्रिटनमध्ये ते फक्त याच दलदलीत वाढतं. मला स्वतःला सप्टेंबर आवडतो. शाळा सुरू झालेल्या असतात, मोटरबोटींची गर्दी ओसरते, पॉटर हायमच्या पुलाआधी काठाला जागा सहज मिळते आणि काठी हवी तितकी सावकाश उतरवता येते.