ब्रूजचा मुक्काम

ब्रुसेल्सहून आगगाडीनें ब्रूज सुमारें तासाभरांत गांठतां येतें. म्हणून बहुतेक प्रवासी सकाळीं येऊन सायंकाळीं परततात. तेथेंच चुकतें. झ्विन नांवाची खाडी गाळानें भरत गेली, पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्यापार अँटवर्पकडे वळला, आणि जुनें पाडून नवें उठविण्याइतका पैसा गांवांत उरला नाहीं. गरिबीनें राखलेली ही नगरी दुपारच्या गर्दींत दिसावी कशी? एक रात्र तरी तेथें राहावें. घंटाघराच्या ३६६ अरुंद पायऱ्या सकाळीं दार उघडतांच चढाव्या. वर ४७ घंटांचा संच आहे. रस्ते ओबडधोबड फरसबंदीचे, तेव्हां जोडे जाड तळव्यांचे हवेत. उंच टाचांचे पेटींतच बरे. सायंकाळच्या गाड्या सुटल्या कीं कालव्यांच्या कांठीं स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकूं येतो. फिरावयाचें तें त्या वेळीं.