ज्योतीचा रंग आणि हवेचा हिशेब

विदर्भातील थंडीचा नीचांक ज्या गोंदियाच्या नावावर वारंवार नोंदला जातो, तेथे पौष-माघात खिडक्यांच्या फटीसुद्धा बुजवून न्हाणीघरात गॅसचे गीझर पेटविणाऱ्यांच्या मनात जळणाविषयी जे समज घर करून असतात, ते निरुपद्रवी नसल्यामुळे त्यांची झडती घेणे अगत्याचे आहे.

चुलीवरची ज्वाला पिवळी पडली की दोष गॅसचा, भेसळ झाली असावी, असा एक समज आहे. वस्तुतः सिलिंडरात द्रवरूपाने भरलेल्या प्रोपेन व ब्युटेन या हायड्रोकार्बनांपैकी प्रोपेनच्या एका घनफळाला पूर्ण ज्वलनासाठी ऑक्सिजनची 5 घनफळे, म्हणजे हवेत ऑक्सिजन अवघा 21 टक्के असल्याकारणाने हवेची सुमारे 24 घनफळे लागतात, आणि ब्युटेनला तर 31. यांतील काही हवा गॅसच्या झोताबरोबर बर्नरच्या नळीतूनच ओढली जाते. तिच्या वाटेत धूळ, कोळ्याचे जाळे वा उतू गेलेल्या भाताची पेज बसली, की अर्धवट जळलेले कार्बनचे कण तापून पिवळे प्रकाशतात आणि पातेल्याच्या बुडाशी काजळी धरतात. सबब विक्रेत्याकडे फिर्याद नेण्यापूर्वी बर्नर साफ करून पाहावा. (कंदिलाची गोष्ट निराळी. तेथे मातीच्या तेलाची ज्योत पिवळीच हवी, कारण प्रकाश देतात ते हेच कण. आणि काच हा नुसता वाऱ्याचा आडोसा नसून खालून ताजी हवा ओढणारे धुराडे आहे, इतके तिचे सामर्थ्य, की तिच्यावाचून तीच वात नुसती धुरकटते.)

मळणीच्या हंगामात डिझेल इंजिनाने काळा धूर ओकला की ते जोरात आहे, असे समजणारेही पुष्कळ. तो जोर नव्हे, उपासमार आहे: तुसाच्या धुळीने हवेची जाळी चोंदलेली असते आणि डिझेल मात्र तितकेच जात असते. कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर जी उष्णता मिळते, तिच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उष्णता तो कार्बन मोनॉक्साइडवर थांबल्यास पदरी पडते. उलटपक्षी, हवा जितकी अधिक तितकी आच अधिक, हेही खरे नाही. गरजेहून जास्त आलेली हवा फुकट तापून उष्णता घेऊनच निघून जाते.

सर्वांत घातक समज असा, की ज्योत तेवते आहे तोवर खोलीतील हवा निर्धोक आहे आणि काही बिघडलेच तर वास येईल. 5 फूट रुंद, 7 फूट लांब आणि 8 फूट उंच न्हाणीघरात हवा मावते 280 घनफूट; एक किलो गॅसला लागते साडेचारशेच्या आसपास. ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून बराच खाली आला तरी ज्योत विझत नाही, परंतु दरम्यान मोनॉक्साइड वाढत जातो. आणि गॅसमध्ये वासासाठी मिसळलेले मरकॅप्टन ज्वालेत जळून जात असल्यामुळे, मुळातच गंधहीन असलेल्या या वायूची वर्दी देणारे कोणी उरत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. डोके जड होणे व मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे थंडीच्या खात्यावर मांडली जातात, ती मांडू नयेत. तत्काळ मोकळ्या हवेत यावे, आणि गीझर न्हाणीघराच्या बाहेरच बसवून घ्यावा.