पावसाळ्यात तगणारी कोथिंबीर: कुलान्ट्रो

कुलान्ट्रो कोथिंबिरीच्याच कुळातली. गाजर, जिरे, ओवाही त्याच कुळातले. स्वभाव मात्र कोथिंबिरीच्या अगदी उलट. कोथिंबिरीला थंडी आणि कोरडी हवा मानवते, कुलान्ट्रोला दमट उष्मा आणि सावली. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे 3000 मिलीमीटर पाऊस कोसळतो. त्या दिवसांत वाफ्यातली कोथिंबीर कुजते, बाजारातली जुडी घाट उतरून येते आणि तिचा भाव चढतो. कुलान्ट्रोला हाच हंगाम भरभराटीचा.

मूळची ही वनस्पती उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. लिनियसने 1753 मध्ये तिचे एरिंजियम फीटिडम असे नामकरण केले. ईशान्य भारतात ती घरोघरी आहे. अंदमानात ती बर्मा धनिया म्हणून विकली जाते. लांबट, दातेरी पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. पूर्ण वाढलेले पान वीतभर लांब होते. वास कोथिंबिरीचाच, पण कितीतरी उग्र. त्यामागे बारा कार्बनच्या साखळीचा डोडेसेनाल नावाचा आल्डिहाइड आहे. शिजवल्यावर किंवा वाळवल्यावर कोथिंबिरीचा वास उडतो, कुलान्ट्रोचा बराच टिकतो. म्हणून कालवणात ती शेवटी भुरभुरण्याऐवजी वाटपातच घालता येते, आणि तीही बेताने. चार माणसांच्या वालाच्या बिरड्याला दोन-तीन पाने पुरतात.

खरी कसोटी बियांची. धने रगडून दोन फाका करून पेरले की आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. कुलान्ट्रोचे बी खसखशीएवढे बारीक. त्याला रगडायचे नसते आणि खोल पुरायचेही नसते. ते उगवायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस लागतात. बी जुने झाले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते, त्यामुळे ताजे बी मिळवणे हेच निम्मे काम. तीन आठवडे कुंडी कोरी दिसली की ती दुसऱ्या रोपासाठी उकरली जाते. घरच्या बागेत कुलान्ट्रो न टिकण्याचे हे मोठे कारण असावे.

पेण-रोह्यात फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये पेरणी केलेली बरी. तेव्हा हवा तापू लागलेली असते आणि पाऊस येईपर्यंत रोपे तग धरण्याइतकी मोठी होतात. जूनमध्ये उघड्यावर पेरलेले बी पहिल्याच सरीत वाहून जाते. कुंडीसाठी तांबडी माती, चाळलेले कुजके शेणखत आणि थोडी वाळू घ्यावी. खारेपाटातली माती टाळावी, कारण तिच्यातल्या क्षारांनी कोवळी मुळे जळतात. उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरीचे पाणीही याच कारणाने नको. बी ओल्या मातीवर विखरून बोटाने हलकेच दाबावे, वर चिमूटभर चाळलेली माती पुरे. वरून झारीने पाणी घातले तर बी एका कोपऱ्यात गोळा होते. त्यापेक्षा कुंडी पाण्याच्या परातीत ठेवावी. बुडाच्या भोकांतून ओल वर चढते आणि माती काळपट दिसू लागते; तेव्हा कुंडी बाहेर काढावी.

रोपे सुरुवातीला इतकी चिमुकली असतात की शेणखतातून आलेले तण त्यांना सहज झाकून टाकते. दातेरी पान ओळखू येईपर्यंत खुरपणी जपूनच करावी. चार-पाच पाने झाल्यावर वीतभर अंतराने पुनर्लागवड करावी. जागा चिकू-फणसाखालची किंवा पडवीच्या कडेची चालते, पण पागोळ्यांची धार थेट रोपावर पडता कामा नये. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येऊन कोवळी पाने खातात. त्या कंदील किंवा टॉर्च घेऊन वेचणे हाच घरगुती उपाय. पाणी साचले तर मूळ कुजते, म्हणून कुंडी विटेवर ठेवावी.

सावलीचा आग्रह केवळ उन्हाच्या चटक्यामुळे नाही. भर उन्हात आणि मोठ्या दिवसांत कुलान्ट्रो लवकर फुलोऱ्यावर येते. रायगडच्या अक्षांशावर डिसेंबरचा दिवस सुमारे अकरा तासांचा, जूनचा तेरा तासांहून थोडा मोठा. एवढा फरकही या झाडाला जाणवतो. मधून काटेरी दांडा वर येतो, पाने लहान व राठ होऊ लागतात. दांडा दिसताच बुडापासून कापला की झाड पुन्हा पानांकडे वळते. सावलीतली पाने मोठी आणि मऊ होतात. पेरणीनंतर साधारण तीन महिन्यांनी बाहेरची पाने काढायला सुरुवात करता येते. मधला कोंब मात्र राखावा.

एका झाडाचा दांडा मुद्दाम वाढू द्यावा. बोंडे तपकिरी झाली की बी कागदावर झाडून सावलीत वाळवावे, आणि साठवून न ठेवता त्याच हंगामात पेरावे किंवा शेजाऱ्यांना द्यावे.