बाजरीचे माहेर

बाजरीची भाकरी मूळची कुठली, असे तुम्हाला कोणी विचारले तर काय सांगाल? धुळ्याचा मुलगा म्हणेल आमची, जळगावचा म्हणेल आमची, आणि भांडण लागलेच तर ते वांग्याच्या भरितापाशी मिटेल. मीही इतकी वर्षे असेच समजत होतो. दोन वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका लहानशा खाणावळीत माझी ही समजूत मोडली. ती कशी, ते सांगतो.

प्राध्यापकांच्या उजळणी वर्गासाठी मी दिल्लीला गेलो होतो. आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी तेथे संशोधन करतो. मुलगा साक्री तालुक्यातला. एका संध्याकाळी तो आला आणि "सर, चाला जेवाले!" म्हणत मला खिडकी एक्स्टेंशनच्या गल्ल्यांत घेऊन गेला. दक्षिण दिल्लीच्या या वस्तीत आफ्रिकेच्या निरनिराळ्या देशांतून शिक्षणासाठी, व्यापारासाठी आलेले लोक राहतात. एका इमारतीच्या तळमजल्यावर चार टेबले मांडलेली होती. पाटी नव्हती. उत्तर नायजेरियातून आलेल्या एक बाई ती खाणावळ चालवत. त्यांची भाषा हाउसा; आमच्याशी त्या मोडक्या हिंदीत बोलत.

कबूल करतो, उंबऱ्याशी माझे पाऊल अडखळले. "हे लोक काय वाढणार?" असा प्रश्न मनात आलाच. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने प्रयोगाआधी निष्कर्ष काढू नये, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. पण भूक लागली की माणूस आपले शास्त्र विसरतो.

पहिली बशी आली ती वड्यांची. हाउसा भाषेत त्यांना 'कोसाई' म्हणतात. एक मोडून पाहिला. चवळी! भिजवून, साले काढून, वाटून, हवा भरेपर्यंत फेटून तळलेली चवळी. सोबत पेल्यात गडद लाल, आंबट सरबत होते, त्याचे नाव 'झोबो'. ते कशाचे म्हणाल? लाल अंबाडीच्या बोंडाभोवती जी जाड लाल दले असतात, ती उकळून केलेले. आपण अंबाडीचा पाला शिजवून भाकरीबरोबर खातो, ते लोक बोंडाची दले पितात. झाड तेच.

मग मुख्य जेवण आले. राखाडी रंगाचा, वाफाळणारा, मऊ गोळा, शेजारी भेंडीची बुळबुळीत आमटी आणि शेंगदाण्याचा दाट रस्सा. गोळ्याचे नाव 'तुवो'. उजव्या हाताने लचका तोडायचा, अंगठ्याने त्यात खळगा करायचा आणि आमटीत बुडवून तोंडात टाकायचा. मी टाकला, आणि माझ्या विद्यार्थ्याकडे पाहिले. तो हसत होता. चव बाजरीची होती!

"हे पीठ आपण कुठून आणता?" मी बाईंना विचारले. त्यांनी आतून एक पुडा आणून दाखवला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले बाजरीचे पीठ. त्यांच्या भाषेत बाजरीला 'गेरो' म्हणतात. गेरो भारतात मिळतो, हे त्यांना येथे आल्यावरच कळले होते आणि त्याचे त्यांना फार नवल वाटले होते. नवल आता माझ्या बाजूला होते.

तुवो कसा करतात, ते त्यांनी दाखवले. पाणी उकळायचे, त्यात पीठ सोडायचे आणि लाकडी दांड्याने जोर लावून घोटत राहायचे. जळगावकडच्या मुलांनी ही क्रिया पाहिलेली आहे. उन्हाळ्यात बिबडे करताना ज्वारीचा घाटा असाच घोटतात, आणि कापडावर थापण्याआधी त्यातला वाटीभर घाटा तेल घालून मुलांच्या हातात पडतो.

बाईंनी मला उलट प्रश्न केला. शेजारच्या राजस्थानी कुटुंबात याच पिठाच्या रोट्या होतात. त्या करून पाहाव्यात तर आपल्या हातात तुकडे का पडतात? अशा प्रश्नाची तर मी वाटच पाहत असतो.

गव्हाच्या पिठात पाणी घातले की त्यातल्या प्रथिनांचे ग्लूटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. म्हणून पोळी लाटता येते, ओढली तर ताणते. बाजरीत आणि ज्वारीत हे जाळे होत नाही. मग भाकरी एकसंध राहते कशाने? पिष्टाने, म्हणजे स्टार्चने. पिष्टाचे कण गार पाण्यात फारसे बदलत नाहीत. पाणी साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ते कण पाणी शोषून फुगतात, काही फुटतात आणि चिकट होतात. खळ करताना तुम्ही हेच पाहता. आपल्याकडच्या बायका पिठात कढत पाणी घालून मग मळतात, त्याचे कारण हे. थोडे पीठ आधीच खळ बनते आणि उरलेल्या पिठाला धरून ठेवते. बाईंनी गार पाणी घेतले होते.

तुवोमध्येही चिकटवण्याचे काम पिष्टच करते. फक्त तेथे सगळेच पीठ शिजून खळ होते. फरक पडतो तो पुढे. तुवो उकळत्या पाण्यात शिजतो, म्हणून त्याचे तापमान 100 अंशांपलीकडे जाऊ शकत नाही. तवा मात्र 200 अंशांच्या वर सहज जातो. भाकरीचा पृष्ठभाग वाळून खरपूस होतो, त्यावर तपकिरी ठिपके पडतात आणि तो सुवास सुटतो, जो तुवोला कधी येत नाही. आणि तुवो फुगत नाही!

भाकरी का फुगते, याचे एक छोटे गणित करू. तव्यावर टाकल्यावर भाकरीच्या वरच्या अंगाला पाणी फिरवतात, म्हणजे ते अंग लगेच वाळून तडकत नाही. उलटल्यावर दोन्ही अंगांना पापुद्रा धरतो. आतले पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहते, पण वाट सापडत नाही, आणि दोन्ही पापुद्रे वेगळे होतात. समजा, भाकरीचा व्यास 20 सेंटिमीटर आहे आणि फुगून ती मध्यभागी 4 सेंटिमीटर उंच झाली. या घुमटाचे आकारमान सुमारे 660 घन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन तृतीयांश लिटर भरते. 100 अंशांना एक ग्रॅम पाण्याची वाफ जवळजवळ 1.7 लिटर जागा व्यापते. तेव्हा एवढा घुमट भरायला पाणी लागले फक्त 0.4 ग्रॅम, म्हणजे सात-आठ थेंब! एका भाकरीच्या पिठात आई याच्या कितीतरी पट पाणी घालते. मग न फुगलेल्या भाकरीत कमी काय पडते? पाणी नव्हे. कोठेतरी बारीक चीर राहून गेलेली असते आणि वाफ तेथून निसटते. घरी भाकरी फुगली नाही, तर चीर शोधा. पण आईचा मूड पाहून.

त्या रात्री माझ्या विद्यार्थ्याने कढत पाण्यात पीठ मळून भाकरी थापली. पहिली तव्यावर टाकताना मोडली, दुसरी फुगली. टेबलांवर बसलेले सगळे लोक उठून पाहायला आले.

बाजरी तिकडेही आणि इकडेही, हे कसे? मुक्कामी परत आल्यावर मी त्याचा शोध घेतला, आणि उत्तराने मला चकित केले. बाजरीचे माहेर पश्चिम आफ्रिका आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाने साहेल नावाचा कोरड्या गवताळ प्रदेशाचा पट्टा जातो. तेथल्या रानटी गवतापासून माणसाने बाजरी घडवली. आज माली देशात असलेल्या तिलेमसी खोऱ्यात सुमारे 4500 वर्षांपूर्वीची खापरे सापडली आहेत. कुंभाराने मातीत बाजरीचा भुसा मिसळला होता. भट्टीत भुसा जळून गेला, पण त्याचे ठसे खापरात राहिले. ते ठसे पाहून बाजरी रानटी की पिकवलेली, हे कसे ओळखतात? रानटी गवताचे दाणे पिकले की आपोआप गळून पडतात. त्यांना गळायलाच हवे, नाहीतर बी पसरणार कसे? माणसाने मात्र वर्षानुवर्षे कणसाला चिकटून राहिलेले दाणेच घरी नेले आणि तेच पुढच्या वर्षी पेरले. हळूहळू न गळणारी जात तयार झाली. अशा दाण्यांच्या गोंड्याला बारीक देठ लागून राहतो, आणि तो देठ ठशातही दिसतो. आहे ना गंमत!

तेथून निघालेली बाजरी आफ्रिका खंड ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे आणि पुढे अरबी समुद्रापलीकडे आली. कर्नाटकात तुंगभद्रेच्या काठी हल्लूर येथील उत्खननात ती सापडली आहे. तो काळ आजपासून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. ज्वारीही आफ्रिकेचीच, पण ती पूर्वेकडच्या सुदानमधली. चवळी पश्चिम आफ्रिकेची. अंबाडीही त्याच खंडातली. शेंगदाणा आणि मिरची मात्र दोन्हीकडे पाहुणे: कोलंबसानंतर ती अमेरिकेतून इकडेही आली आणि तिकडेही गेली. म्हणजे कळण्याच्या भाकरीतून ज्वारी आणि ठेच्यातून मिरची, दाणे काढले, तर आपल्या ताटात उरेल किती? उडीद आपला, वांगे आपले. बाकी हिशेब तुम्ही करा.

पण गोष्ट साडेतीन हजार वर्षांपूर्वी संपली नाही. बाजरी माहेराहून दुसऱ्यांदाही आली, आणि ती कथा आपल्या फार जवळची आहे.

भारतात बाजरीचे पहिले संकरित वाण, एचबी 1, 1965 मध्ये आले. उत्पादन एकदम वाढले. परंतु या आणि यानंतरच्या अनेक वाणांची मादी एकच होती, अमेरिकेतून आणलेली. लाखो एकरांवर जणू बहिणी-बहिणीच उभ्या होत्या. 1970 नंतरच्या वर्षांत गोसावी रोगाने त्यांना गाठले. आपल्याकडे त्याला केवडाही म्हणतात. कणसात दाण्याऐवजी हिरव्या पानांचा झुपका येतो. एकीला जे बाधते ते साऱ्यांना बाधते. शेतेच्या शेते गेली. नवे रक्त हवे होते.

ते मिळाले टोगोमधून. नायजेरियाच्या पश्चिमेला बेनिन आणि त्यापलीकडे टोगो हा चिंचोळा देश आहे. त्याच्या उत्तर भागातले शेतकरी 'इनियादी' नावाची बाजरी पिढ्यान्पिढ्या पेरत आले: टपोऱ्या दाण्याची आणि लवकर तयार होणारी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिच्यातून निवड करून आयसीटीपी 8203 हे वाण तयार केले. 1988 मध्ये ते महाराष्ट्रात लागवडीसाठी आले. पुढे लक्षात आले की या वाणातल्या काही ताटांच्या दाण्यांत लोह बरेच अधिक आहे. ती ताटे वेगळी काढली, वाढवली, पुन्हा निवडली. इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने 2012 मध्ये त्यातून 'धनशक्ती' हे वाण महाराष्ट्रात आले. तिच्या एक किलो दाण्यांत सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असते. याच विद्यापीठाची बाजरी संशोधन योजना धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात चालते. धुळ्यातल्या वाचकांनी आपल्या शास्त्र शिक्षकांना घेऊन ती पाहायला जायला हरकत नाही.

लोह अधिक, म्हणून रक्तात ते अधिक पोचते असे मात्र नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो, आणि तो महाराष्ट्रातल्याच 12 ते 16 वर्षांच्या निवासी शाळांतील मुलामुलींवर झाला, म्हणजे तुमच्याच वयाच्या. काहींना सहा महिने साध्या बाजरीचे पदार्थ दिले, काहींना धनशक्तीचे. कोणते पदार्थ? भाकरी आणि शेव! 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: ज्या मुलांत आरंभी लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी धनशक्ती खाणाऱ्यांत ती भरून निघण्याचे प्रमाण साधी बाजरी खाणाऱ्यांच्या 1.64 पट होते. माझ्या वर्गात सकाळच्या प्रात्यक्षिकाला उभे राहून चक्कर येणाऱ्या दोन-तीन मुली दरवर्षी असतात. डॉक्टर बहुतेक वेळा एकच निदान करतात. तेव्हा हा 1.64 चा आकडा मला कागदावरचा वाटत नाही.

परवा माझ्या विद्यार्थ्याचा दिल्लीहून फोन आला. खाणावळीतल्या बाईंना खान्देशची बाजरी हवी आहे. मी म्हटले, येथून ताजे दळून पीठच पाठवतो. त्याने त्यांना विचारून सांगितले, "सर, पीठ नको म्हणताहेत." बाईंचे बरोबर होते. बाजरीत तेलाचा अंश 5 टक्क्यांच्या आसपास असतो. दाणा दळला की तेलाचे विघटन करणारी विकरे त्या तेलाला भिडतात, आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होते. आपली आजी बाजरी थोडी थोडी का दळते आणि नायजेरियातल्या बाया ती रोजच्या रोज का कांडतात, याचे कारण एकच. म्हणून दिवाळीनंतर तो गावी येईल, तेव्हा पाच किलो दाणेच त्याच्याबरोबर द्यायचे ठरले आहे.