आगगाडींतील पंगत

यजमानाची परीक्षा पंगतींतील पहिल्या पानावर होत नाहीं, ती शेवटच्या पानावर होते. व्याह्यांच्या पानांत साजूक तुपाची धार धरावी आणि टोकाला बसलेल्या गरीब आप्ताच्या पानांत कोरडा भात पडावा, याला आपल्या वाडवडिलांनीं पंक्तिप्रपंच म्हटलें व तो दोष मानला. हाच निकष लांब पल्ल्याच्या आगगाड्यांतील जेवणास लावून पाहण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

ही पंगत लहान नाहीं. दिब्रुगडहून कन्याकुमारीस जाणारी विवेक एक्सप्रेस चार हजार किलोमीटरांहून अधिक मार्ग आक्रमिते व त्यास तीन दिवसांहून अधिक काळ घेते. घरून बांधून नेलेल्या दशम्या कितीशा पुरणार? गांवांतील खाणावळ वाईट निघाली तर गिऱ्हाईक शेजारच्या खाणावळींत जातें. धांवत्या गाडींतील मनुष्य कोठें जाणार? प्रवाशाची ही पराधीनता हेंच या सेवेंतील बहुतेक दोषांचें मूळ होय.

इंग्रजी अमदानींत हा प्रपंच उघड होता. भोजनाचे डबे वरच्या वर्गांच्या उतारूंसाठीं असत. स्टेशनावर हिंदूंचें पाणी निराळें, मुसलमानांचें निराळें. 1917 सालीं महात्मा गांधींनीं तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयीं लिहितांना मुंबई-मद्रास मार्गावरील चहाबद्दल आणि माशा बसलेल्या खाद्यपदार्थांबद्दल कडक तक्रार केली होती. भोजनाच्या डब्यासाठीं आपणां सर्वांस ठाऊक असलेली डेक्कन क्वीन 1930 सालीं सुरू झाली. परंतु तिला तिसऱ्या वर्गाचे डबे लागावयास 1955 साल उजाडलें.

आज तो भेद नांवानें उरला नाहीं. पण राजधानीच्या उतारूचें ताट त्याच्या जागेवर येतें आणि अनारक्षित डब्यांत गर्दीमुळें विक्रेत्याची टोपलीही शिरत नाहीं. या दृष्टीनें 2023 सालीं रेल्वेनें एक स्तुत्य गोष्ट केली. निवडक स्टेशनांवर अनारक्षित डब्यांच्या समोरच, वीस रुपयांस सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी व लोणचें मिळण्याची व्यवस्था करण्यांत आली. पदार्थ साधे, परंतु वाढणारा शेवटच्या पानापर्यंत गेला, हें महत्त्वाचें.

मग एकंदर जेवणाचा दर्जा सुधारत कां नाहीं? घरांत कोठीच्या किल्ल्या दर कांहीं वर्षांनीं एकीच्या कमरेहून दुसरीच्या कमरेला जाऊं लागल्या, तर डाळीचा डबा रिकामा झाल्याचा जाब कोणास विचारावा? रेल्वेंत तसेंच झालें. खानपानासाठीं 1999 सालीं निराळें महामंडळ निघालें. 2005 च्या धोरणानें काम त्याच्याकडे गेलें, 2010 सालीं त्यांतील बहुतेक पुन्हा रेल्वेच्या विभागांकडे आलें आणि 2017 सालीं परत महामंडळाकडे गेलें. त्याच वर्षीं महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढें आला. 74 स्टेशनें व 80 गाड्या तपासून त्यांनीं नमूद केलें कीं, कोठें चहासाठीं नळाचें अशुद्ध पाणी वापरलें जातें, कोठें मुदत संपलेले पदार्थ विकले जातात, कोठें उंदीर व झुरळें आढळतात आणि बिल तर पुष्कळदां दिलेंच जात नाहीं. धोरणाची वारंवार होणारी अदलाबदल हेंही त्यांनीं अव्यवस्थेचें एक कारण दाखविलें.

शिवाय ठेकेदाराची अडचण समजून घेतली पाहिजे. परवान्यासाठीं तो मोठी बोली बोलतो. जेवणाचा दर मात्र सरकार ठरवितें. मग बचत व्हावयाची ती डाळीच्या दाटपणांत आणि तांदळाच्या प्रतींत. पहांटे रांधलेलें अन्न दुपारपर्यंत बंद डब्यांत राहिलें म्हणजे चांगल्या आचाऱ्याचे श्रमही वायां जातात.

परंतु सर्व दोष वाढणाऱ्याचाच म्हणतां येणार नाहीं. गेल्या वर्षीं एका लांबच्या गाडींत वाढप्यानें आमच्याकडे छापील दरापेक्षां तीस रुपये अधिक मागितले. आम्हीं शांतपणें बिल मागतांच त्यानें जादा पैसे सोडून दिले. समोरचे सद्गृहस्थ म्हणाले, “मास्तर, तीस रुपयांसाठीं कशाला वाद?” त्यांनीं ते मुकाट्यानें दिले होते. तीस रुपये त्यांस जड नव्हते. पण त्यांच्या औदार्यानें ठरलेला भाव पुढच्या डब्यांतील मजुरासही द्यावा लागतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं.

बिल न मिळाल्यास पदार्थाचे पैसे देऊं नयेत, असें रेल्वेनेंच 2018 मध्यें जाहीर केलें आहे. तक्रारीसाठीं 139 हा क्रमांक आहे. दरपत्रक पाहावें, पुडक्यावरील तारीख वाचावी, आंबूस वास आल्यास ताट परत करावें; मात्र वाढप्यास अपशब्द बोलूं नये, कारण तोही दिवसरात्र त्याच गाडींत राबणारा मनुष्य आहे. मुलांनाही प्रवासांत ही शिस्त लावावी. ज्यांस वाचतां येतें आणि जाब विचारतां येतो, त्यांनीं मौन धरलें तर पंगतीच्या टोकाला बसलेल्यांच्या वतीनें कोणीं बोलावें?