‘सनदी लेखापाल’ : एक संज्ञा आणि तिच्यामागील अटी

इंग्रजीतील ‘चार्टर्ड अकाउंटंट’ या पदनामासाठी मराठीत ‘सनदी लेखापाल’ ही संज्ञा रूढ झाली आहे. हिंदीत तिचाच जोडशब्द ‘सनदी लेखाकार’ असा आहे. संज्ञा सुटसुटीत आहे. परंतु तिच्यातील दोन्ही पदे वाचकाला सरकारी कचेरीकडे नेतात. मराठीत ‘सनदी नोकर’ म्हणजे शासनाच्या वरिष्ठ सेवेतील अधिकारी, आणि ‘लेखापाल’ म्हणजे कचेरीत हिशेब ठेवणारा कर्मचारी. या दोहोंच्या समासातून जो अर्थ निघावा, त्याच्या नेमका विरुद्ध अर्थ येथे अभिप्रेत आहे. सनदी लेखापाल हा त्या पदामुळे सरकारचा नोकर होत नाही. आणि लेखापरीक्षक म्हणून तो हिशेब लिहीत नसून दुसऱ्याने लिहिलेले हिशेब तपासून त्यांविषयी स्वतंत्र मत देतो. कथा-कादंबऱ्यांचा एका भारतीय भाषेतून दुसरीत अनुवाद करणाऱ्यांना हा भेद ठाऊक असणे अगत्याचे आहे. तो कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे ही सनद कोणत्या अटींवर मिळते, हे पाहणे.

प्रथम ‘सनद’ या शब्दाविषयी. मराठी दप्तरात हा शब्द अरबी-फार्सीतून आला. इनाम वा वतन देताना राज्यकर्त्याने करून दिलेला लेख म्हणजे सनद. इंग्रजी ‘चार्टर’मध्येही राजाज्ञेचाच अर्थ आहे. एडिंबरा येथील लेखापालांच्या संस्थेला १८५४ साली आणि इंग्लंड-वेल्समधील संस्थेला १८८० साली राजसनद मिळाली. त्या संस्थांचे सभासद ते ‘चार्टर्ड’. भारतात मात्र अशी राजसनद कोणी दिलेली नाही. येथील संस्था संविधान सभेने कायदेमंडळ या नात्याने केलेल्या १९४९ च्या कायद्याने, त्या वर्षीच्या १ जुलैपासून, अस्तित्वात आली. म्हणजे सनद हा शब्द तेवढा उरला. देणारा राजा गेला आणि त्याच्या जागी व्यवसायबंधूंची संस्था आली.

या घटनेला पूर्वपीठिका आहे. १९१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांचे हिशेब कोणी तपासावेत यासाठी पात्रता ठरविली आणि प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांकडे आला. मुंबईत १९१८ साली लेखाशास्त्राची सरकारी पदविका सुरू झाली. पदविकेची परीक्षा आणि मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी, असे तिचे दुहेरी स्वरूप होते. १९३२ साली अखिल भारतीय नियम होऊन ‘नोंदणीकृत लेखापाल’ हा वर्ग निर्माण झाला. परीक्षा, उमेदवारी आणि नोंदवही ही आजची त्रयी अशा रीतीने स्वातंत्र्यापूर्वीच सिद्ध झाली होती.

पहिली अट परीक्षेची. बारावी उत्तीर्ण झालेल्याला प्रथम प्रवेश-परीक्षा, नंतर मध्यमा आणि शेवटी अंतिम, अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. वाणिज्य शाखेचा पदवीधर किमान ५५ टक्के गुण असल्यास, आणि अन्य शाखेचा ६० टक्के असल्यास, पहिली पायरी वगळू शकतो. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मध्यमा व अंतिम या दोन्ही परीक्षांत दोन गट असून प्रत्येक गटात तीन विषय आहेत. प्रत्येक विषयात किमान ४० आणि गटात एकूण ५० टक्के गुण मिळवावे लागतात. एका विषयातील प्रावीण्याने दुसऱ्यातील अज्ञान झाकले जाऊ नये, हा या दुहेरी मोजमापाचा हेतू.

दुसरी अट उमेदवारीची. पूर्वी तीन वर्षांची असलेली ही मुदत नव्या योजनेत दोन वर्षांची झाली आहे. मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. पेशवाईतील दप्तरात कारकुनाचा मुलगा आशेवर, म्हणजे ‘उमेद’ धरून, बसे. मोडी वळण, कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे तो अनुभवी कारकुनाच्या हाताखाली शिके. आजच्या उमेदवाराला नियमाने विद्यावेतन मिळते, त्याचा करार नोंदविला जातो आणि एका लेखापालाने किती उमेदवार घ्यावेत यालाही मर्यादा आहे. तरीही मूळ तत्त्व तेच आहे. कागदावरचा आकडा आणि वखारीतला माल यांचा मेळ घालण्याची नजर पुस्तकातून येत नाही.

तिसरी अट चारित्र्याची, आणि खरी सनद तीच. सभासदाचे वय एकवीस वर्षे पूर्ण असावे लागते. दिवाळखोरीतून मुक्त न झालेला, किंवा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात कारावासयोग्य दोषी ठरलेला माणूस नोंदवहीत येऊ शकत नाही. नाव नोंदले गेले तरी स्वतंत्र व्यवसायासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते. हिशेब न तपासता सही करणे, आपल्या नावावर दुसऱ्याला व्यवसाय करू देणे, ही कृत्ये कायद्याच्या परिशिष्टांत गैरवर्तन म्हणून नोंदलेली असून त्यांपायी नाव खोडले जाऊ शकते. इनामाची सनद वंशपरंपरा चाले. ही सनद मुलाला मिळत नाही आणि स्वतःकडेही आचरणाच्या अटीवरच राहते. संस्थेने आपले बोधवाक्य कठोपनिषदातून घेतले आहे. इतर निजले असता जो जागा राहतो, त्याचा त्यात निर्देश आहे. ज्यांनी हिशेब पाहिलेले नाहीत अशा असंख्य भागधारकांच्या वतीने जागणे, हाच या व्यवसायाचा आशय होय.

शेवटी भाषेचा प्रश्न येतो. या परीक्षांची उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात; मराठी, तमिळ वा बंगालीत नाही. महाराष्ट्रात बारावीपर्यंत पुस्तपालन मराठीतून शिकलेला विद्यार्थी या उंबरठ्यावर आपली परिभाषा बाहेर ठेवून आत जातो. अखिल भारतीय व्यवसायाला समान भाषा हवी, हा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. परंतु त्याची किंमतही मोजली पाहिजे. ज्या भाषेत कीर्द, तेरीज आणि ताळेबंद हे शब्द शतकांपासून वापरात आहेत, तिच्यात हिशेबाच्या सत्यासत्यतेविषयीचे प्रगत लेखन त्यामुळे खुंटते. आणि गावातील सहकारी संस्थेच्या सभासदाला आपल्याच संस्थेच्या अहवालातील ‘सशर्त अभिप्राय’ म्हणजे नेमकी कोणती धोक्याची सूचना, हे समजत नाही. सनद सार्वजनिक विश्वासासाठी असेल, तर तिचा अर्थ ज्या जनांसाठी ती आहे त्यांच्या भाषेत स्पष्ट होणे, हीदेखील एक अटच मानली पाहिजे. ती कायद्यात लिहिलेली नाही; ती पुरी करण्याचे काम लेखापालांइतकेच परिभाषाकार, अनुवादक आणि भाषाभ्यासक यांचेही आहे.