नोंद पोचली पाहिजे

कसाऱ्याहून विहीगावमार्गे घाट चढून गेलं की खोडाळा लागतं. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातलं हे मोठं गाव. भोवती वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्तीचे पाडे, जवळच सूर्यमाळचं पठार. इथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, रेशन दुकान आहे, अंगणवाड्या आहेत आणि या प्रत्येक ठिकाणी आता संगणक आहे. तो अंगणवाडी ताईंच्या हातातला फोन असेल किंवा रेशन दुकानातलं अंगठा घेणारं पॉस मशीन असेल, आहे संगणकच. संगणक भरवशाचे कसे करावेत आणि त्यांना वीज कमी कशी लागावी, या दोन प्रश्नांवर जगभर गेली सत्तर-ऐंशी वर्षं काम चालू आहे. त्या कामाचा आढावा मी मुद्दाम खोडाळ्यापासून सुरू करतो आहे. तो पुण्याच्या किंवा नवी मुंबईच्या यंत्रदालनात उभं राहून घेतला, तर अर्धाच होतो असं मला वाटतं.

या फोनमध्ये काय भरलं जातं ते आधी पाहू. अंगणवाडीतल्या मुलांचं दर महिन्याचं वजन आणि उंची. त्यावरून मूल सर्वसाधारण आहे, मॅम आहे की सॅम, हे ठरतं. मॅम म्हणजे मध्यम कुपोषित. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित. त्याला लगेच उपचार आणि आहार मिळाला पाहिजे, गरज पडली तर भरती करायला हवं. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी तोच प्रश्न पुन्हा समोर आणला. शिवाय दिवाळी झाली की इथली कितीतरी घरं जगायला बाहेर पडतात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर. मूल आईबापांबरोबर जातं. त्याच्या वजनाची नोंद त्याच्या मागोमाग तिथल्या अंगणवाडीत गेली नाही, तर तिथे ते मूल कुणाच्याच यादीत नसतं. या तालुक्यात संगणकाच्या विश्वासार्हतेला हा अर्थ आहे.

यंत्र चुकणार, हे संगणक बांधणाऱ्यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक १९६० साली सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि नळी कधीतरी जाणारच, हे गृहीत धरूनच असं यंत्र चालवावं लागे. त्याआधी अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्रावर काम लावून जात आणि सोमवारी पाहत तर चूक सापडल्यामुळे यंत्राने ते काम टाकून दिलेलं असे. यंत्राला चूक कळते, तर कुठे चुकलं हे का कळू नये, या वैतागातून १९५० साली त्यांची दुरुस्ती करणारी सांकेतिक पद्धत छापून आली. मूळ माहितीसोबत थोडे जास्तीचे बिट ठेवायचे. एक बिट उलटला तर तो नेमका कोणता हे त्या जास्तीच्या बिटांवरून काढता येतं. १९५६ साली जॉन फॉन नॉयमन यांनी याहून मोठा प्रश्न घेतला: बेभरवशाच्या भागांतून भरवशाचं यंत्र बांधता येईल का? येईल, असं त्यांनी गणिताने दाखवलं. मात्र तेच काम अनेक भागांना एकदम द्यायचं आणि बहुमत घ्यायचं.

दोन्ही उत्तरांचा गाभा एकच आहे. जास्तीचं काहीतरी जवळ ठेवा. पण जास्तीचं ठेवायला ऊर्जा लागते. आजच्या सर्व्हरच्या स्मृतीत सहसा ६४ बिटांमागे ८ बिट दुरुस्तीसाठी ठेवतात. तेच गणित तीन वेळा करून बहुमत घ्यायचं तर वीज तिप्पट.

ऊर्जेच्या बाजूने पाहिलं तर हाच पेच उलट दिशेने येतो. ट्रान्झिस्टर लहान करत जाल तसं व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करा, म्हणजे चिप अधिक तापणार नाही, हा हिशेब आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडला. त्यावर तीस वर्षं सगळा उद्योग चालला. २००५ च्या सुमारास मात्र व्होल्टेज आणखी खाली नेणं अवघड झालं आणि चिप तापू लागल्या. व्होल्टेजचा मोह मोठा आहे, कारण चालू असताना चिपला लागणारी ऊर्जा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज निम्मं झालं की तेच गणित चौथाई ऊर्जेत होतं. पण भरलेल्या एसटीत कुजबुजत निरोप सांगावा, तशी मग बिटांची गत होते. विद्युतभार इतका थोडा उरतो की आजूबाजूचा गोंगाट, उष्णता किंवा अवकाशातून येणारा एखादा कण तो उलटवू शकतो. बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत स्खारबेक इथे एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडलेली दिसली. ४,०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, एकच बिट उलटल्याची खूण. ती मतं शक्य नव्हती इतकी जास्त होती, म्हणून चूक पकडली गेली. वजनाच्या रकान्यात असा बिट उलटला आणि आकडा शक्यतेच्या कोटीतला राहिला, तर कोण पकडणार?

म्हणून विश्वासार्हता आणि वीजबचत हे दोन वेगळे विषय मानणं मला पटत नाही. ती एकाच दोरीची दोन टोकं आहेत, हे ज्यांच्या कामातून स्पष्ट झालं त्यांत आयआयटी मुंबईत शिकलेल्या आणि पुढे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या सरिता आडवे यांचं नाव ठळक आहे. आयबीएमच्या संशोधकांबरोबर २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्याने दाखवलं की प्रोसेसर किती वर्षं टिकेल हे तो किती तापतो यावर अवलंबून असतं, त्यामुळे आयुष्याचा विचारही वेग आणि विजेइतकाच आराखड्यातच करायला हवा. नंतर त्यांच्या गटाने आणखी व्यवहारी वाट काढली. हार्डवेअरमधला बिघाड पकडायला प्रत्येक भागाची जोडी कशाला ठेवायची? बहुतेक बिघाड सॉफ्टवेअरच्या वागण्यात दिसतात. प्रोग्राम अडकतो, स्मृतीतल्या नको त्या पत्त्यावर जातो, अचानक बंद पडतो. ती लक्षणं स्वस्तात टिपायची आणि तेवढ्यापुरतंच मागे जाऊन काम पुन्हा करायचं. रोज दुप्पट वीज जाळण्यापेक्षा हे फार शहाणपणाचं आहे.

सगळेच बिघाड लक्षणं दाखवत नाहीत, हे मात्र २०२१ साली ठळकपणे पुढे आलं. फेसबुकच्या अभियंत्यांनी एक उदाहरण प्रसिद्ध केलं. १.१ चा ५३ वा घात काढून पूर्णांक घ्यायचा, उत्तर यायला हवं १५६. एका प्रोसेसरचा एक गाभा (कोअर) शून्य सांगत होता. बाकी सगळं ठीक. त्या शून्यामुळे फाइलचा आकार शून्य धरला गेला आणि फाइल गहाळ झाली, कुठलीही सूचना न देता. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनीही लिहिलं की काही हजार यंत्रांमागे मोजके गाभे असे चुकीचे निघतात. यंत्र बंद पडलं तर निदान कळतं. गुपचूप चुकीचं उत्तर देणारं यंत्र त्याहून धोक्याचं आहे.

महाराष्ट्रात या विषयाचं मोठं टोक पुण्यात आहे. सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० केला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेला परम युवा २ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आधीच्या ५४ टेराफ्लॉप्सच्या यंत्राच्या जागी ५२४ टेराफ्लॉप्सचं यंत्र आलं आणि त्याला वीज सुमारे ३५ टक्के कमी लागली. पुण्याच्याच आयसरमधल्या परम ब्रह्मात, २०१९ मध्ये, चिपपर्यंत द्रव नेऊन थंड करण्याची पद्धत वापरली, कारण हवा गार करत बसण्यात वीज वाया जाते. जगभरच्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज वापरली, जगाच्या एकूण वापराच्या साधारण दीड टक्का, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशेब आहे. रिकामा बसलेला सर्व्हरही पूर्ण भाराच्या जवळजवळ निम्मी वीज खात असे, हे गूगलच्या लुइस बारोसो आणि उर्स होल्झ्ले यांनी २००७ मध्ये दाखवलं. कामाच्या प्रमाणातच वीज लागावी ही त्यांची मागणी तेव्हापासून पुष्कळशी मान्य झाली.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये अर्क हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक सुरू झाला. त्यावर चालणारी ६ किलोमीटर जाळीची अंदाजप्रणाली मे २०२५ मध्ये देशाला मिळाली. याच संस्थेचं दामिनी ॲप वीज पडण्याचा इशारा देतं. वरईच्या शेतात काम करणाऱ्याला हा इशारा काही मिनिटांत मिळायला हवा. पुण्यात यंत्र एका सेकंदात किती गणितं करतं हे कौतुकाचं आहे, पण पाड्यावर रेंज नसेल तर त्या गणिताची वीज त्या शेतकऱ्यापुरती वायाच गेली.

म्हणून कार्यक्षमता मोजण्याची पट्टी बदलायला हवी. एका वॉटमागे किती गणितं, हा आकडा यंत्रदालनाला पुरतो. खोडाळ्यासाठी विचारायला हवं की एक नोंद बिनचूक पोचायला एकंदर किती ऊर्जा लागली, आणि न पोचलेल्या नोंदींवर किती गेली.

राज्यात २०१९ साली एक लाखाहून जास्त अंगणवाडी सेविकांना सरकारी फोन दिले गेले. २ जीबी रॅमचे. मार्च २०२१ मध्ये नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. फोनची हमीही संपली. फोन तापत, अडकत, ॲप त्यांत पेलत नसे, दुरुस्तीचा खर्च ताईंवर येई, आणि ॲप इंग्रजीत होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी फोन सरकारला परत करायला सुरुवात केली. ही बातमी तेव्हा मानधनाच्या मागण्यांच्या बरोबरीने छापली गेली. माझ्या मते ते या राज्यातलं संगणकाच्या विश्वासार्हतेविषयीचं सर्वांत मोठं जाहीर निवेदन होतं आणि ते ज्यांनी केलं त्यांना रोज हे यंत्र वापरावं लागत होतं. इलिनॉयमध्ये ज्याला उष्णतेने घटणारं आयुष्य म्हटलं गेलं, ते ताईंनी हातात धरून अनुभवलं होतं.

फोनमधली वीज जाते कुठे? मोठा वाटा पडदा आणि रेडिओ घेतात. टॉवर दूर, मध्ये डोंगर, वर आषाढाचा पाऊस. अशा वेळी फोन आपली प्रक्षेपणशक्ती कमाल मर्यादेपर्यंत, साधारण २०० मिलिवॉटपर्यंत नेतो, आणि ती निर्माण करायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट ऊर्जा ओढतो. पाठवणं फसलं की पुन्हा प्रयत्न. त्यात आपण काय पाठवतो? मुलाचं वजन, उंची, तारीख, ओळखक्रमांक: दोनशे अक्षरं पुरतात. २ एमबीचा फोटो त्याच्या दहा हजार पट होतो. तरी रोजगार हमीच्या कामावर फोटोच मागितला गेला. ही हमी महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याने दिली आणि पुढे देशाने उचलली. १ जानेवारी २०२३ पासून त्या कामावरची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर टाकणं देशभर सक्तीचं झालं. जिथे रेंज नाही तिथे मजुराचा रोज यंत्राच्या भरवशावर टांगणं अन्यायाचं आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

उपाय जुनेच आणि स्वस्त आहेत. नोंद आधी फोनमध्येच पक्की लिहायची, अशी की मध्येच बॅटरी संपली तरी ती अर्धवट राहणार नाही. तिला स्वतःचा क्रमांक द्यायचा, म्हणजे चारदा पाठवली तरी केंद्रात एकदाच धरली जाईल. सोबत हॅमिंगच्या वंशातला तपासणी-आकडा ठेवायचा, म्हणजे वाटेत बिट उलटला तर कळेल. वजन मागच्या महिन्यापेक्षा अचानक दुप्पट किंवा निम्मं दिसलं तर ॲपने ताईंना तिथेच, मराठीत, पुन्हा विचारायचं. रेंज चांगली मिळेल तेव्हाच, सगळ्या नोंदी एकदम पाठवायच्या. रेडिओ एकदाच जागा होतो आणि बॅटरी टिकते. या सगळ्यांनी मिळून भरवसा वाढतो आणि वीजही वाचते.

जोडणीच्या बाबतीत पालघर जिल्ह्यात एक चांगला प्रयोग होऊन गेला आहे. आयआयटी मुंबईतल्या अभय करंदीकर यांच्या गटाने ग्राम मार्ग प्रकल्पात खामलोलीसह सात गावांत दूरदर्शनच्या वापरात नसलेल्या लहरींवरून इंटरनेट पोचवलं. त्या लहरी झाडी आणि चढउतार तुलनेने चांगल्या पार करतात. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं पारितोषिक मिळालं. खामलोली सखल भागात आहे. मोखाड्याच्या डोंगरांत परीक्षा अवघड होईल, पण ती घेण्यासारखी आहे. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळच्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी नेण्याची सोय आपण २०१४ पर्यंत उभी करू शकलो. त्याच डोंगरांतून दोनशे अक्षरं बाहेर आणणं त्याहून कठीण नाही.

आरोग्य, महिला-बालविकास आणि पुरवठा खात्यांत पुढची निविदा लिहिणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. फोन, पॉस मशीन किंवा ॲप घेण्याआधी त्याची चाचणी मंत्रालयात नको, जुलै महिन्यात मोखाडा तालुक्यात घ्या. वीज नसलेल्या दिवशी, एका चार्जवर, तिथल्याच ताईंच्या हातून. भरलेल्या नोंदींपैकी किती बिनचूक पोचल्या हे मोजा, ते आकडे जाहीर करा आणि पैसे त्यावर द्या.